मेंटेनन्स कमी होत नसतो, मग घासाघीस कशाची?

माझ्या मावसबहिणीला रीसेलमधला टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमधलं युनिट दरवर्षी ठरावीक काळ वापरायचा हक्क, घ्यायचा होता. दोन बेडरूमचं युनिट, वर्षातून एक आठवडा, तोही फ्लोटिंग, म्हणजे हंगामाच्या आत कुठलाही, जो आधी बुक करेल त्याचा. विकणारं जोडपं सत्तरीच्या पुढचं. प्रवास झेपेनासा झाला म्हणून त्यांना ते काढून टाकायचं होतं. मागितलेली किंमत इतकी कमी होती की त्यात घासाघीस करायची बहिणीला लाज वाटली. म्हणून तिने सगळा जोर मेंटेनन्सवर, म्हणजे रिसॉर्टच्या देखभालीसाठी दरवर्षी भरायच्या पैशांवर, लावायचं ठरवलं. "दादा, किंमत राहू दे. रिसॉर्टवाल्यांशी बोलून वर्षाचे पैसे कमी करून घेऊ, म्हणजे दरवर्षी वाचतील," ती म्हणाली.

कुठे पैसा जातो हे तिने बरोबर ओळखलं होतं. पण ज्यांच्याकडे ती मागायला निघाली होती त्यांच्या हातात ते नव्हतं, आणि ज्यांच्या हातात होतं त्यांच्याकडे मागायची तिला लाज वाटत होती. पुढचे चार महिने ह्याच गाठी सोडवण्यात गेले.

हिशेब सोपा राहावा म्हणून चालू वर्षीचा मेंटेनन्स १०० धरतो. चलन कोणतंही असो, इथले सगळे आकडे त्याच मापातले आहेत. जाहिरातीतली किंमत होती ४०.

संघाचं दोन ओळींचं उत्तर

बहिणीने रिसॉर्टच्या मालक संघाला ईमेल केला: मी नवीन सभासद होणार आहे, अनेक वर्षं राहणार आहे, मेंटेनन्समध्ये काही सवलत? उत्तर आलं की आकारणी अंदाजपत्रकानुसार होते आणि सर्वांना सारखी असते. तिला ते उद्धट वाटलं. मला ते खरं वाटलं.

मेंटेनन्सचा आकडा म्हणजे मुळात एक भागाकार असतो. साफसफाई, स्वागतकक्ष, वीज-पाणी, विमा, कर, व्यवस्थापन कंपनीची फी, आणि छप्पर, लिफ्ट, फर्निचर ह्यांसाठी बाजूला टाकायचा राखीव निधी, अशी वर्षाची बेरीज आधी होते. मग ती युनिटच्या आकारानुसार सगळ्या आठवड्यांवर वाटली जाते. एकाला सूट दिली तर तेवढी रक्कम बाकीच्यांच्या बिलात चढवावी लागते. जे मालक पैसे बुडवतात त्यांचीही भरपाई ह्याच बेरजेतून होते. म्हणून दर कमी कराल का, हे विचारण्यापेक्षा किती मालक थकबाकीदार आहेत आणि राखीव निधीत किती शिल्लक आहे, हे विचारणं जास्त उपयोगाचं. थकबाकीदार वाढले आणि निधी आटला की पुढचं बिल किती फुगणार, ते तिथेच दिसतं.

दर ठरवता येत नसला तरी निवडता मात्र येतो. लहान युनिट घेतलं तर तो कमी. एक वर्षाआड वापराचा हक्क घेतला तर सरासरी जवळपास निम्मा. पॉइंटची पद्धत असेल, म्हणजे आठवड्याऐवजी पॉइंट विकत घेऊन ते मुक्कामासाठी खर्चायचे, तर जितके पॉइंट तितका. हे पर्याय मी तिच्यापुढे ठेवले. "दरवर्षी जायचंच आहे," म्हणून तिने ते बाजूला सारले. ह्या वाक्याकडे मला पुन्हा यायचं आहे.

दाखल्याने काय उघडं केलं

तोवर ऑक्टोबर अर्धा संपला होता. मी तिला सांगितलं की संघाकडून ह्या आठवड्याच्या हिशेबाचा लेखी दाखला हवा, आणि तो विकणाऱ्यांनीच मागवायला हवा, कारण संघ अनोळखी माणसाला दुसऱ्याचा हिशेब देत नाही. विकणाऱ्या जोडप्यातल्या काकांनी कुरकुर न करता मागवला. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो हातात आला, आणि जाहिरात आणि दाखला शेजारी ठेवल्यावर चित्र बदललं.

जाहिरातीत मेंटेनन्स ९२ लिहिला होता. तो मागच्या वर्षीचा. चालू वर्षीचा १००, आणि पुढच्या वर्षीचं अंदाजपत्रक नुकतंच मंजूर होऊन आकडा १०६ ठरला होता. त्याशिवाय छपरासाठी ६० ची विशेष आकारणी झाली होती. पहिला ३० चा हप्ता भरलेला, दुसरा ३० चा पुढच्या मार्चमध्ये देय. उशिरा भरलेल्या एका जुन्या बिलाचा दंड ८, तोही थकलेला. नाव बदलण्याची संघाची फी १५.

सगळ्यात बोचणारी ओळ शेवटी होती. 'चालू वर्षीचा आठवडा शिल्लक आहे, तोही मिळेल,' असं जाहिरातीत होतं. दाखल्यानुसार तो आठवडा अदलाबदल करणाऱ्या, म्हणजे आपला आठवडा घेऊन दुसऱ्या रिसॉर्टमधला देणाऱ्या, कंपनीकडे जमा करून झाला होता. टाइमशेअरची अदलाबदल हा धंदा जुना आहे, आरसीआय १९७४ पासून आणि इंटरव्हल इंटरनॅशनल १९७६ पासून त्यात आहेत. पण आठवडा एकदा जमा केला की तो त्या सभासदाच्या अदलाबदल खात्यात जाऊन बसतो. मालकी बदलली तरी तिच्यामागून तो आपोआप येत नाही. काकांना हे खरंच माहीत नव्हतं, त्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. पण बहीण ज्याला बोनस समजत होती ते हवेत विरलं.

काही न बोलता सही केली असती तर तिला काय पडलं असतं? किंमत ४०, दंड ८, छपराचा हप्ता ३०, संघाची फी १५, कागदपत्रं आणि एस्क्रो (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणारा तटस्थ मध्यस्थ) मिळून २५, आणि जानेवारीचं बिल १०६. एकूण २२४. चाळीसची वस्तू!

काकांच्या बाजूने बेरीज

इथे मी तिला एक दिवस काहीच करू दिलं नाही. आधी विकणाऱ्याच्या जागी बसून हिशेब करायचा, असं ठरवलं.

विक्री झाली नाही तर काकांना जानेवारीत १०६, मार्चमध्ये ३०, शिवाय दंडाचे ८ भरावे लागणार. १४४. आणि हे भरूनही वस्तू त्यांच्याच गळ्यात. त्यांच्या करारात संपण्याची तारीख नव्हती, हक्क वारसांकडे जाणार होता. अशा अनंत काळच्या करारांचा त्रास जुना आहे. स्पेनने १९९८ च्या कायद्यात अशा हक्काला जास्तीत जास्त ५० वर्षांची मर्यादा घातली ती उगाच नाही. काकांच्या रिसॉर्टने एक सोय ठेवली होती: पुढच्या वर्षाच्या बिलासह सगळी बाकी चुकती केली तर संघ आठवडा परत घेण्याचा विचार करू शकेल. 'करू शकेल' हे शब्द त्यांचे. म्हणजे काकांची सुटका अगदी सुरळीत झाली, तरी तिची किंमत १४४ होती.

ह्याचा अर्थ असा की ज्या सौद्यात काकांच्या खिशातून १४४ पेक्षा कमी जातील तो त्यांच्या फायद्याचा. बहीण इतके दिवस 'ते मला विकतायत' असं धरून चालली होती. खरं तर ते तिला एक बिल सोपवत होते. आणि त्या बिलावर तारीख होती १ जानेवारी. रीसेलच्या बोलण्यांत दराला कुणी हात लावू शकत नाही. पण त्या तारखेच्या अलीकडचं कुणाचं, पलीकडचं कुणाचं, हे पूर्णपणे दोघांच्या हातात असतं.

बोलणी, आणि माझी चूक

पहिला प्रस्ताव माझ्या सल्ल्याने गेला: किंमत शून्य, आणि पुढच्या वर्षाचे १०६ काकांनी भरायचे. गणिताने बिनचूक होता. काका चार दिवस फोनवरच आले नाहीत. मग आले ते चिडूनच. "आठवडा तुम्ही वापरणार आणि पैसे आम्ही भरायचे, हे कुठलं गणित? आणि ऐका, एक एजंट तर चारशेला गिऱ्हाईक आहे म्हणतोय."

बहिणीने शांतपणे विचारलं, "काका, तो आधी काही पैसे भरायला सांगतोय का?"

थोडा वेळ काही आवाज आला नाही. सांगत होता. 'गिऱ्हाईक तयार आहे, फक्त आधी प्रक्रिया शुल्क भरा,' ही टाइमशेअर विकणाऱ्या वयस्कर लोकांना गाठायची ठरलेली युक्ती आहे. युरोपीय संघाच्या २००८ च्या टाइमशेअर निर्देशाने तर पुनर्विक्रीत मध्यस्थी करणाऱ्या व्यावसायिकाला प्रत्यक्ष विक्री होण्याआधी ग्राहकाकडून आगाऊ रक्कम घ्यायलाच बंदी घातली आहे. बहिणीने काकांना एवढंच सांगितलं की एक पैसा देऊ नका, गिऱ्हाईक खरं असेल तर विक्रीच्या पैशातून कमिशन घेऊ दे. एजंट पुन्हा बोलण्यात आला नाही. बोलण्यांचा सूर बदलला तो इथे, आणि ते तिचं श्रेय आहे, माझं नाही. माझा प्रस्ताव बरोबर आकड्यांचा आणि चुकीच्या सुरुवातीचा होता.

मग तिने आकडा टाकणंच सोडलं. दाखला त्यांना पुन्हा पाठवला आणि एकेका ओळीबद्दल विचारलं, "काका, ही तुमच्या मते कुणाची?" दंड आमचा, काका लगेच म्हणाले. छपराबद्दल जरा थांबले. ठराव त्यांच्या काळात झाला होता, पण छपराचा उपयोग तर पुढच्या मालकाला. बहिणीने धरून ठेवलं की ज्या दिवशी ठराव झाला त्या दिवशी मालक कोण, ते पाहायचं. ही फूटपट्टी मला पटते. उपयोग कुणाला, हे पाहायला गेलं तर रंगापासून लिफ्टपर्यंत प्रत्येक गोष्टीवर वाद घालता येतो. ठरावाची तारीख मात्र कागदावर असते. काकांनी मान्य केलं. अदलाबदल कंपनीत अडकलेल्या आठवड्याचा विषय निघाला तेव्हा त्यांनी आपणहून किंमत सोडली, कागदावर दाखवण्यापुरता १ ठेवला. संघाची फी १५ त्यांनी घेतली, कागदपत्रांचे २५ हिने.

राहिले १०६. इथे दोघांचंही म्हणणं खरं होतं. वापर हिचा होणार हे खरं, आणि पुढची सगळी वर्षं काकांच्या डोक्यावरून उतरणार हेही खरं. निम्मे-निम्मे ठरलं, प्रत्येकी ५३.

बहिणीला एकूण पडले १, २५ आणि ५३ मिळून ७९. आधीच्या २२४ पेक्षा १४५ कमी. काकांच्या खिशातून गेले ५३, ३०, ८ आणि १५, मिळून १०६, त्यातून हिचा १ वजा. १०५ मध्ये त्यांची कायमची सुटका झाली, १४४ च्या जागी.

म्हणजे अजून ३९ ताणता आले असते. मी तसं बोललोही. तिने ऐकलं नाही, आणि त्यामागे तिचं कारण होतं, जे मला सुचलं नव्हतं.

मधले दिवस

तिला हवा होता पुढच्या ऑक्टोबरमधला आठवडा. ह्या रिसॉर्टमध्ये बुकिंग दहा महिने आधी उघडतं, म्हणजे डिसेंबरात. आणि डिसेंबरात मालक काकाच असणार होते. कारण विक्रीआधी मूळ कंपनीला, म्हणजे हे आठवडे पहिल्यांदा विकणाऱ्या कंपनीला, विचारायचं बंधन होतं: त्याच अटींवर कंपनीला स्वतः घ्यायचं असेल तर घेऊ दे, उत्तराला ३० दिवस. करार नोव्हेंबरअखेर झाला तर उत्तर डिसेंबरअखेर, नावात बदल त्याहून पुढे. फ्लोटिंग आठवड्यात पहिल्या दिवशी बुकिंग केलं नाही तर हंगामातले उरलेसुरले आठवडे पदरात पडतात, मेंटेनन्स मात्र पूर्ण. पहाटे उठून तिच्यासाठी बुकिंग करणारा माणूस चिडलेला असून चाललं नसतं. ३९ वाचवायला जाऊन १०६ चा आठवडा वाया घालवण्यात अर्थ नव्हता. काकांनी पहिल्याच दिवशी बुकिंग केलं.

पण नुसत्या चांगुलपणावर आम्ही विसंबलो नाही. करारात चार वाक्यं घातली, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला कामाचा भाग हाच. बिल १ जानेवारीला काकांच्या नावाने निघेल, तरी दोघांचे ५३-५३ त्याआधी एस्क्रोत जमा असतील आणि एस्क्रोवालाच ते भरेल. नाव बदलायच्या दिवसापर्यंत संघाने नवी विशेष आकारणी ठरवली तर ती काकांची. मार्चचा ३० चा हप्ता आत्ताच एस्क्रोत, मार्चची वाट नाही. आणि कंपनीने स्वतःच घ्यायचं ठरवलं किंवा व्यवहार कुठल्याही कारणाने मोडला तर हिची सगळी रक्कम परत, बुक केलेला आठवडा काकांचाच.

एस्क्रोवर मी अडून बसलो त्याचं कारण साधं आहे. बाकी असली की संघ नाव बदलत नाही. काका विसरले, आजारी पडले, किंवा निम्मं आपण भरलं आता निम्मं त्या भरतील असं म्हणून थांबले, तर जानेवारीअखेर दंड लागतो, फाइल अडकते, आणि मग दंड कुणाचा ह्यावर नवी बोलणी. तोंडी 'अर्धं-अर्धं' नेमकं इथेच फाटतं.

किंमत १ दाखवल्यावर कंपनी झडप घालेल अशी भीती काकांना होती. मला नव्हती. जिच्याकडे न विकलेले आठवडे पडून आहेत ती आणखी एका मेंटेनन्सची धनी कशाला होईल? २६ व्या दिवशी कंपनीचं पत्र आलं, नको म्हणून. त्याच पत्रात, पहिल्या खरेदीदारांना मिळणारे जादा फायदे रीसेलवाल्याला मिळणार नाहीत, अशी ओळ होती. ते आम्ही आधीच लेखी विचारून घेतलं होतं.

जो हिशेब आधी करायला हवा होता

आता त्या 'दरवर्षी जायचंच आहे' कडे. करार झाल्यावर, म्हणजे उशिरा, मी भाड्याचे आकडे काढले. त्याच रिसॉर्टमध्ये, त्याच हंगामात, इतर मालक आपले आठवडे साधारण १२५ ला भाड्याने देत होते. बिगरहंगामात तर मेंटेनन्सपेक्षाही कमी भाड्यात मिळत होते, आणि तिथे मालकी घेणं म्हणजे जास्त पैसे देऊन कमी मोकळीक विकत घेणं.

मेंटेनन्स आणि भाडं दोन्ही दरसाल ५ टक्क्यांनी वाढतील असं धरलं. पाच वर्षांचा मेंटेनन्स सुमारे ५८६ होतो, पाच वर्षांचं भाडं ६९१. दरवर्षी गेली तर मालकी स्वस्त, बोलल्याप्रमाणे. आता मधलं एकच वर्ष जाणं झालं नाही असं धरा. भाडेकरूचं तिसऱ्या वर्षीचं १३८ वाचतं आणि त्याचा खर्च ५५३ वर येतो. मालकाचं काहीच वाचत नाही. तिचे, काकांकडून मिळालेले ५३ वजा करून आणि सुरुवातीचे १ आणि २५ असे २६ मिळवून, ५५९. इतकी घासाघीस करूनही, पाचात एक वर्ष चुकलं तर भाडं स्वस्त. चुकलेला आठवडा तिला भाड्याने देता येईल, पण त्यासाठी जाहिरात, फोन, अनोळखी माणसं, आणि भाडेकरू मिळेलच असं नाही.

दहा वर्षांचा मेंटेनन्स ह्याच दराने सुमारे १,३३३ होतो. आम्ही चार महिन्यांत वाचवले १४५. एक वर्षाआडचा हक्क घेतला असता तर जवळपास निम्मा आकडा, एकाही फोनशिवाय, सुटला असता. मला आजही वाटतं की मेंटेनन्स कमी करून घ्यायची तिची खरी संधी तिथे होती, आणि मी ती पुरेशा जोराने मांडली नाही. तिला हे दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "दादा, एक वर्षाआड ठेवलं तर मधल्या वर्षी आम्ही कुठेच जाणार नाही, मला माहितीये ना." ह्याला हिशेबात उत्तर नाही.

फेब्रुवारीत नाव बदललं. ऑक्टोबरात ते सगळे आठवडाभर राहून आले. नोव्हेंबरात संघाचं पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक आलं, पहिल्यांदाच तिच्या नावाने. मेंटेनन्स ११२. आम्ही १११ धरला होता.